बिनगोफणीचं शेत

ते ओढ्याकाठचं शेत बघा, पाव्हणं. चहूकडच्या ज्वारीत गोफणी वाजतायत, आणि एवढ्या एका तुकड्यात पोपटांचे थवे बिनघोर बसलेत. मालक आळशी म्हणून हसू नका. याला बिनगोफणीचं शेत म्हणतात.

असं सांगतात, की मोठ्या लढाईच्या साली इथल्या हौसाक्काचा लेक जोतीराम बॉम्ब टाकणारं विमान चालवायचा. नांगरामागं चालणाऱ्याच्या घरातलं पोर आभाळात गेलं, याचं गावाला कोण कौतुक. एकदा त्याचं पत्र आलं. आईला समजावं म्हणून त्यानं गमतीनं लिहिलं होतं, ‘आपण पाखरांवर गोफण चालवतो, तसे आमच्यावर खालून गोळे सुटतात.’

मास्तरांनी पत्र वाचलं आणि हौसाक्काच्या तोंडचं पाणी पळालं. गोफण चालवण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. नेम कसा लागतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? राखणीच्या माळ्यावर चढायची, पण हात वर जाईना. अखेर तिनं सांगून टाकलं, "पोरगा खाली उतरेस्तोवर या शेतातनं वर दगड जायचा न्हाई."

नवरा दाजीबा चिडला. "मग खायाचं काय?"

"अवो, पोरावर गोळे सोडणाऱ्या खालच्या लोकांचं बी पीकच हाय की," ती म्हणाली. "त्यांनी हात आवरावा असं वाटतंय, तर आधी मी नको आवराया?"

त्या साली पाखरांनी कणसं भुंडी केली. हौसाक्का म्हणे दिवसभर बांधावर बसून राहायची. सांजेला थवा उठला, की मागं कुणी राहिलं नाही ना, हे बघितल्याबिगर तिचा पाय घराकडं वळायचा नाही. जीव सारखा टांगणीला.

सुगी सरली आणि तार आली. विमान परतलं नव्हतं, शोधही लागला नव्हता. चार दिवस रडून झाल्यावर दाजीबानंच गोफण आणून तिच्या हातात दिली. आता कुणासाठी पाळायचं, म्हणाला.

तिनं मास्तरांना एवढंच विचारलं, "उतरला, असं लिवलंय का कुठं?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"मग अजून वरच हाय त्यो."

तिनं गोफण परत दिली. पुढच्या साली दाजीबानं माळा घातलाच नाही.

आजही विमानाचा आवाज आला, की साऱ्या शिवारातल्या गोफणी थांबतात. आवाज विरला की पुन्हा सुरू होतात. या शेतात मात्र अजून कुणी हात वर केलेला नाही. तुम्ही उचललेला तो खडा, पाव्हणं, तेवढा खाली ठेवा.