बिराप्पांच्या खालचं नाव

वैजयंता कोळेकरने पाच वर्षं मेंढपाळांच्या वाड्यावस्त्यांवर हिंडून ओव्या गोळा केल्या आणि त्यावर प्रबंध लिहिला. मौखिक परीक्षेला बाहेरून आलेले डॉ. घारपुरे संदर्भसूची पाहताच कडाडले, "बिराप्पा मेंढपाळ, मुलाखत! हा काय संदर्भ झाला? संशोधनात तोंडी सांगणं चालत नाही. छापील पुस्तक आणि पान क्रमांक द्या, नाहीतर पदवी विसरा!"

वैजयंताने अदबीने विचारलं, "सर, हा नियम कोणत्या पुस्तकात, कितव्या पानावर आहे?"

"पुस्तक कशाला हवं? मी सांगतोय ना!"

"मग सूचीत बिराप्पांच्या खाली तुमचंही नाव घालते, सर. घारपुरे, मुलाखत."

सभागृहात हशा पिकला. घारपुऱ्यांनी पेन काढून पदवीच्या शिफारशीवर सही केली.