दोन फडक्यांचा नारळ

एक वृद्ध गुरुजी डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गावात संगणक शिकवत. गावातल्या प्रत्येक म्हातारीचं एक आवडतं वाक्य शाळेतल्या पडद्यावर झळकावं, असं त्यांनी योजलं आणि ते काम एका शिष्यावर सोपवलं. शिष्य हुशार होता. आणि आपण हुशार आहोत हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्याच आजींच्या वाक्याने त्याची परीक्षा घेतली. वाक्य होतं: आई म्हणाली, "मी कुणाची मिंधी नाही." शिष्याने हे सगळं अवतरणचिन्हांत घालून संगणकाला द्यायच्या आज्ञेत लिहिलं. आईच्या शब्दांआधीचं चिन्ह दिसताच मजकूर इथेच संपला, असं संगणकाने धरलं आणि पुढचे शब्द सोडून दिले. पडद्यावर उरलं फक्त 'आई म्हणाली'. आजींनी बोट लावून वाचलं, पुढची कोरी जागा पाहिली.

"माझी आय मुकी होती का रं?" एवढं विचारून त्या उठून गेल्या. शिष्याच्या जिवाला ते फार लागलं.

त्याने आतल्या चिन्हांआधी उलटी तिरकी रेघ दिली. 'हे तुझ्यासाठी नाही, पुढे जाऊ दे' असा तो इशारा. तरी पहिले पाढे पंचावन्न! तो वैतागला.

"गुरुजी, आतली चिन्हंच काढून टाकतो. टिंबाएवढी तर आहेत!"

"आईचे शब्द आईचेच राहायला नकोत का?" गुरुजी म्हणाले आणि त्यांनी त्याच्या हातात एक नारळ ठेवला. "हा डोंगरावरच्या देवीपुढे फोडून ये."

संगणकाचा आणि नारळाचा काय संबंध? पण विचारायची सोय नव्हती. शिष्य निघाला. डोंगराच्या पहिल्या पायरीशीच मारुतीचं देऊळ होतं; तिथल्या गुरवाने नारळ पाहिला आणि फोडला. दारी आलेला उघडा नारळ त्या दाराचा, असा तिथला रिवाज होता. गुरुजींनी दुसरा नारळ फडक्यात बांधून दिला. मारुतीच्या गुरवाने 'पुढच्या देवाचा दिसतो' म्हणत फडकं सोडून ठेवून घेतलं, आणि उघडा नारळ अर्ध्या वाटेवरच्या भैरोबापाशी फुटला. मग शिष्याने शहाणपणा केला. तिसऱ्या नारळाला फडक्यावर फडकी गुंडाळली. दोन्ही दारं पार झाली, पण वरच्या गुरवाने बांधलेला नारळ नवसाचा समजून तुळईला टांगून ठेवला.

"माझी थट्टा करताय का, गुरुजी?" शिष्य रडकुंडीला आला होता.

"नाही रे बाळ. गुरवांचं तरी काय चुकलं? उघडं दिसलं की ते आपलं मानतात, झाकलेलं असलं की एक पदर सोडून पुढे देतात. तुझी आज्ञाही एका प्रोग्रॅमच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते. पहिल्याने तुझी रेघ काढून घेतली. दुसऱ्याला चिन्ह उघडंच मिळालं. वाटेत दारं किती ते पाहा, मग बांध. कमी बांधलंस तर मध्येच फुटेल. जास्त बांधलंस तर पोचूनही बांधलेलंच राहील."

शिष्य पुन्हा डोंगर चढला, या वेळी दोनच फडकी बांधून. नारळ देवीपुढे फुटला. खाली येऊन त्याने आईच्या शब्दांच्या चिन्हांनाही दोन दारांपुरतंच तिरक्या रेघांचं आवरण घातलं आणि आजींना हाताला धरून आणलं.

आजींनी बोट लावून वाचलं. शेवटच्या चिन्हापाशी बोट थांबलं.

"अशीच बोलायची बघ," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. शिष्याने खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

दुसऱ्याचे शब्द घेऊन निघालेल्याने वाटेतली दारं आधी ओळखून घ्यावीत.