वायर तुटलेले खटकेबुवा

वस्तू बोलायच्या आणि कोंबड्या ते ऐकून घ्यायच्या, त्या काळातली ही गोष्ट. गयाबाईच्या खुराड्यात भिंतीवर एक जुना थर्मोस्टॅट होता. गारठा वाढला की तो ‘खट्’ करी, हीटर लागे आणि पिल्लं कोपऱ्यातून हीटरखाली धावत येत. पिल्लं त्याला खटकेबुवा म्हणत.

पुढं मोबाईलवर चालणारा नवा थर्मोस्टॅट आला. वायरमन दाजींनी बुवांच्या वायरी तोडून नव्याला जोडल्या. बुवांना पत्ताच नाही. ते आपले गारठ्यात खट् करत आणि म्हणत, “माझ्यावाचून इथलं पान हलत नाही.”

“बुवा, तुम्ही नुसतेच वाजता,” नवा हसायचा. “हीटर मी लावतो.”

एक दिवस गयाबाई म्हणाली, “दाजी, ते डबडं काढा की. उगीच भिंत अडवलीय.”

बुवा घरात चुलीजवळच्या फळीवर गेले. “आता पिल्लं मरणार,” म्हणून हळहळले.

सांजेला हीटर वेळेवर लागला, पण खट् झालंच नाही. पिल्लं त्याची वाट बघत कोपऱ्यात एकमेकांवर चढली. खालची गुदमरू लागली. नवा मोबाईलवर कळवत होता, ‘खोली छान उबदार आहे.’

कलकलाट ऐकून गयाबाई धावली, पिल्लं सोडवली. “दाजी, ते डबडं परत लावा! यांना हाक मारणारं कुणी उरलं नाही.”

“वायर जोडू?”

“नको, नुसतंच लावा.”

चुलीजवळून बुवा पुन्हा गार भिंतीवर लागले, खट् झालं, पिल्लं हीटरखाली धावली.

“बघितलंत?” बुवा म्हणाले. “शेवटी हीटर लावायला मीच लागतो.”

“खोली छान उबदार आहे,” नवा म्हणाला.

पिल्लं केव्हाच झोपली होती.