टोकाचा वाफा

पिकं पाटाशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. यंदा विहिरीला दुप्पट पाणी लागलं आणि पाटाच्या तोंडाशी उभी असलेली केळ आनंदाने डोलू लागली. "आता सगळ्या मळ्याची भरभराट," ती म्हणाली.

"केळकाकू, भरभराट तुमच्यापाशीच थांबते," टोकाच्या वाफ्यातलं वांग्याचं रोप म्हणालं. "आज पाणी आलं नाही, तर माझी फुलं गळतील."

"माझं पोट भरलं की येईलच तुझ्याकडे."

"गेल्या वर्षीही हेच म्हणालात. तुमचं पोट मात्र वाढतंच आहे."

पाट हसला. "आज शेवटाकडून सुरुवात करू," असं म्हणत तो केळीकडे न वळता सरळ टोकाला गेला. वांग्याची फुलं तरारली.

केळ रुसली होती. थोड्या वेळाने तिने खाली पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अगंबाई, पाट नुसता शेजारून गेला, तरी माझी मुळं भिजली की."