निळ्या अंड्यातला अंधार

न्हाई म्हंजे न्हाई! निळं अंडं नासकं नसतं. तुझा भाऊ म्हणतो म्हणून काय झालं? तो आला की त्याच्या तोंडावर सांगीन. तवर तू ऐक.

लई मागं, कोंबड्या बसवायची डालगी बी बोलायची तवा, धुरपदा म्हातारीकडं एक करडी कोंबडी व्हती. तिची अंडी निळी. ती खुडूक बसली, म्हंजे अंडी उबवाया बसली, की म्हातारी एकेक अंडं उन्हात धरून बघायची. पांढऱ्यातनं उजेड दिसायचा, निळ्यातनं दिसायचा न्हाई. "आत अंधारच हाय," म्हणायची आन् निळं अंडं उकिरड्यावर फेकायची. करडीखाली ठेवायची शेजारणींची पांढरी अंडी.

करडीनं तीनदा एकवीस-एकवीस दिवस ऊब देऊन लोकाची पिल्लं काढली. पिल्लं मोठी झाली की ज्याची त्यानं नेली. मागं उरायची ती आन् तिचं डालगं.

"डालग्या, माझ्या रंगाचं ह्या गावात कुणीच न्हाई रं," ती म्हणाली.

"तुझं कवच जाड हाय, बये. अंधार न्हाई त्यो. पन माझं ऐकतंय कोण?"

म्हातारपणी करडीनं एकच अंडं घातलं, शेवटचं. म्हातारीनं ते उन्हात धरलं. "फेकू नगंस!" डालगं वरडलं. तिनं फेकलंच. करडी रिकाम्या डालग्यात बसून ऱ्हायली. पुन्हा त्या गावात निळं अंडं कुणी बघितलं न्हाई.

आज आपली निळ्या अंड्यांची कोंबडी खुडूक बसलीया, आन् तिचं अंडं तुझ्या हातात हाय. उन्हात धरू नगंस. ठेव तिच्याखाली.