केबिनचा वळसा

इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कारखान्यात शहापुरे नावाचे नवे मॅनेजर आले. त्यांनी मधोमध काचेची केबिन बांधून घेतली आणि महिन्याभरात मालकांना सांगितलं, “कापड महाग पडतंय. मागांना सुताच्या कांड्या पोचवणाऱ्या बायका नुसत्या फिरतात. चारांतल्या दोन काढा.”

मालक तात्यासाहेबांनी चौघींना बोलावलं. त्यांतली सगळ्यांत जुनी इंदुबाई म्हणाली, “फिरतो खरं. किती, ते मोजून दाखवते.”

तिनं सुताचं टोक कांड्या भरायच्या मशिनला बांधलं आणि रोजच्या वाटेनं, केबिनला वळसा घालून, सूत सोडत मागापर्यंत गेली. तिथं ते तोडलं. मग तेच सूत केबिनच्या दारातून, साहेबांच्या टेबलावरून, मागच्या खिडकीतून सरळ त्याच मागापर्यंत ताणलं. निम्मं सूत हातात उरलं.

“एवढं जास्तीचं चालणं, मालक, दर खेपेला. तोवर माग कांडीविना उभे राहतात.”

“मग काय माझ्या केबिनमधून ये-जा करणार?” शहापुरे कडाडले.

“नाही साहेब,” इंदुबाई शांतपणे म्हणाली. “पण काढायचंच असेल, तर वाटेत बसलंय त्याला काढावं. चालणाऱ्याला कशाला?”

तात्यासाहेब पोट धरून हसले. आठवड्यात केबिन गेटाजवळ गेली, चौघी कामावर राहिल्या, आणि महिनाअखेरचा हिशेब पाहून मालकांनी इंदुबाईला मुकादम केलं.