एन्झाइमची खोबण

"पण त्यानं माफी मागितलीच नाही, भंते. मग मी माफ कशाला करायचं?"

तक्षशीला खोब्रागडेनं हे विचारलं तेव्हा बौद्ध विहाराच्या पडवीत सकाळचं ऊन आलं होतं. भंते शीलरत्न भिंतीला टेकून बसले होते. नागपूरच्या इस्पितळातून ते नुकतेच परतले होते, आणि उठताना अजून काठी लागत होती.

भंडाऱ्याजवळच्या याच विहाराच्या वसतिगृहात तक्षशीला वाढली. आईवडील वीटभट्ट्यांवर गावोगाव फिरायचे, म्हणून त्यांनी तिला इथं ठेवलं होतं. गणित तिला भंतेंनी शिकवलं. आता ती पुण्यात जंतूंवर काम करणारी शास्त्रज्ञ होती. आपल्या कामाचा तिला अभिमान होता, आणि तो खोटाही नव्हता.

भंतेंच्या रक्तात असा जंतू शिरला होता की एकामागून एक औषधं वाया गेली. शेवटी जुन्याच औषधाबरोबर एक नवं जोड-औषध दिलं, तेव्हा कुठं ताप उतरला. ते जोड-औषध जंतूच्या एका प्रथिनाच्या आकारावरून बेतलं होतं, आणि तो आकार तक्षशीलानं आणि तिचा सहकारी निरंजन लांजेवार यानं मिळून शोधला होता. निरंजननं त्या प्रथिनाचे स्फटिक वाढवले. क्ष-किरणांच्या ठिपक्यांमधून आकार उलगडला तो तिनं.

मग शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या सभेत निरंजननं ते सगळं मांडलं, आणि तिचं नाव घेतलं नाही.

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. आता त्या जंतूचा नवा प्रकार आला होता, जोड-औषधालाही न जुमानणारा. पुन्हा एकत्र काम करू या, असे निरोप निरंजन धाडत होता. तिनं एकालाही उत्तर दिलं नाही.

भंतेंनी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या रक्तात काय चाललं होतं, ते सांग. डॉक्टर सांगत होते, पण मला कळलं नाही."

तिला बरं वाटलं. हा तिचा विषय होता.

तिनं सांगितलं, की जंतू एक प्रथिन बनवतो. त्याला एन्झाइम म्हणतात. दोऱ्याची गुंडाळी असावी तसं ते असतं, आणि त्याला एक खोबण असते. औषधाच्या रेणूत चार कोनांचं एक ताणलेलं कडं असतं, त्यातच औषधाची ताकद. औषध खोबणीत आलं की एन्झाइम त्याला धरतं. धरताच कडं तुटतं.

हे सांगताना तिनं उजव्या हाताची मूठ मिटून दाखवली.

"मग?"

"मग पाण्याचा एक रेणू येतो आणि तुकडा सोडवतो. औषध निकामी. एन्झाइम मात्र होतं तसंच, पुढच्या औषधाला मोकळं. एकच एन्झाइम कितीतरी औषध संपवतं."

"म्हणजे त्याचं बळ धरण्यात नाही…"

"धरण्यातही आहे, भंते. पण नुसतं धरून चालत नाही. सोडावं लागतं."

"आणि तुमचं जोड-औषध?"

ते दिसायला खऱ्या औषधासारखंच, ती म्हणाली. एन्झाइम फसतं आणि त्यालाही धरतं. पण त्याची ठेवण अशी, की पाण्याला तिथवर पोचताच येत नाही. तुकडा सुटत नाही. एन्झाइम अडकून पडतं, आणि खरं औषध शेजारून निघून जातं.

"अडकवलं कुणी? औषधानं?"

"धरलं एन्झाइमनंच… औषध फक्त सुटत नाही."

भंते तिच्या हाताकडे पाहत होते.

तिनंही पाहिलं. मूठ अजून मिटलेलीच होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

मूठ तिनं लगेच उघडली नाही.

भंते म्हणाले, "रोज सकाळी वंदना झाली की मी थोडा वेळ बसतो. ज्यांच्यामुळं जगलो, त्यांची आठवण काढतो."

"माझी काढता?"

"तुझी काढतो. ज्यांची तोंडं पाहिली नाहीत, त्यांचीही काढतो." ते थोडे हसले. "त्यातल्या एकाचं नाव आज कळलं. निरंजन."

तक्षशीलाचे डोळे भरून आले. इस्पितळाच्या जिन्यात बसून काढलेले दिवस तिला आठवले. त्या दिवसांत भंते वाचावेत एवढंच तिला हवं होतं. औषध कुणाच्या नावावर आहे, हे एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं.

ती उठली, विहारामागच्या तळ्याच्या काठावर गेली आणि तिनं निरंजनला फोन लावला.

भंते वाचले, घरी आले, हे तिनं सांगितलं. मग निरंजन म्हणाला, की प्रयोगशाळेत भंतेंच्या आजाराचं कळल्यापासून तो वॉर्डातल्या डॉक्टरांना रोज फोन करून विचारत होता. तिला विचारायचं धाडस झालं नाही. सभेचा विषय त्यानं काढला नाही. तिनंही काढला नाही. नव्या जंतूच्या एन्झाइमचे स्फटिक धरले का, हे मात्र तिनंच विचारलं. धरत नाहीत, तो म्हणाला. मग काय बदलून पाहावं यावर दोघं बराच वेळ बोलत राहिले.

ती परत आली तेव्हा ऊन पडवीतून सरकलं होतं. भंते तिथंच होते.

"मागितली माफी?"

"नाही…" तिला हसू आलं. "भंते जेवतात का, एवढंच विचारत होता. दोनदा विचारलं."

भंतेंनी डोळे मिटले. तळ्याकडून वारा आला, भंतेंच्या अंगावरच्या चीवराची कड हलली…

"त्याला सांग," ते म्हणाले, "आता भूक लागते."